मुदत देणारा पीर

झोपून राहणं हेसुद्धा एक काम असतं, आणि ते मला अजिबात जमत नव्हतं. पासिर रिसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, डाव्या कुशीवर, पायांखाली दोन उशा घेऊन मी पडलेली असायचे आणि छताच्या पंख्याकडे बघत चिडत असायचे. कोणावर चिडायचं तेही ठरलेलं नसे. याआधी दोनदा मला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा सगळं अर्ध्यावरच संपलं होतं. या तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला, आणि उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं, अशी ताकीद दिली. बाळ जितके आठवडे आत राहील तितकं चांगलं, म्हणाल्या. मी विचारलं, "राहील ना पण?" त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "एकेक आठवडा बघत जाऊ." हे वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि माझ्या छातीवर ठाण मांडून बसलं.

नवरा तुआसला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या एका प्रकल्पावर इंजिनिअर होता. पासिर रिस हे एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, हिरव्या लाइनचं एक टोक आणि तुआस दुसरं. म्हणजे मला काही झालंच, तर तो देशाच्या पार पलीकडच्या काठावर. देश एका शहराएवढाच, ही गोष्ट वेगळी. पण पोटात जरा खुट्ट झालं की मी मनातल्या मनात त्याच्या वाटेवरची स्टेशनं म्हणायला लागायचे, आणि ती काही संपायची नाहीत.

माझी आई पुण्याहून येणार होती. तेवढ्यात बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि तिच्याऐवजी सासूबाई आल्या. सासूबाई रावेरकडच्या, तापीकाठच्या एका गावातल्या. घरची केळीची बाग. बाजारहाटाला बुऱ्हाणपूर, कारण ते जवळ. आमचा संबंध दिवाळीतल्या चार दिवसांचा आणि फोनवरच्या "जेवलीस का?" एवढाच. मी पुण्याची, त्यातून जरा तोंडाळ. आमचं कसं जमणार याची नवऱ्याला काळजी होती. मला नव्हती, कारण माझ्याकडच्या काळजीच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या होत्या.

आल्या आल्या त्यांनी मला नीट न्याहाळलं, मग खालच्या मार्केटमधून नवऱ्याने आणलेली केळी न्याहाळली. "हे केळं म्हणायचं का काकडी?" एवढंच म्हणाल्या आणि बॅग उघडली. बॅगेत डिंकाचे लाडू, दोन गोधड्या आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक फोटोफ्रेम. फोटोत एक कबर. हिरवी चादर, उशाशी एक उभा दगड, त्यावर चुन्याचे पापुद्रे आणि त्यांच्या आडून दिसणारी फारसी अक्षरं. शेजारी आणखी एक कबर होती, अगदी छोटी.

"हा आपला पीर," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते त्याचं शिंगरू."

"घोड्याच्या पिल्लाची कबर?"

"लाडकं होतं त्याचं."

फ्रेम त्यांनी गणपतीच्या शेजारी, फ्रिजवर ठेवली. पुण्यात असते तर बोलले असते.

नंतर मला त्या पिराची रीत कळली. मी नुसतीच पडून असल्यामुळे मला सगळंच ऐकावं लागत होतं. आपल्याकडे कुठलाही पीर म्हटला की माणसं मूल मागतात, नोकरी मागतात, कोर्टातला निकाल मागतात. या पिराकडे असलं काही मागायचं नाही. फक्त मुदत मागायची. कुणाचा बाप शेवटच्या घटका मोजत असेल, तर लेक सुरतेहून पोचेपर्यंत मुदत. वादळाची हूल उठली असेल, तर घड उतरवून होईपर्यंत मुदत. "आणि परीक्षेचा अभ्यास झाला नसेल तर?" मी विचारलं. "तशांना नाही देत तो," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या.

यामागे गावात एक गोष्टही होती. फार पूर्वी दुष्काळात यम गाव न्यायला आला. पीर वेशीवर आडवा उभा राहिला आणि म्हणाला, पुढचं पीक निघू दे, मग ये. यम वैतागला, पण थांबला. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि यम काही परत आला नाही. तेव्हापासून गाव पिराला मुदत मागतं.

"तुझ्यासाठी मागितलीय," सासूबाईंनी सांगितलं. "कबरीवर गलेफ चढवून आले."

मला ते ऐकून बरं वाटलं का? खरं सांगायचं तर राग आला. माझ्या पोटाबद्दल माझ्या परस्पर कोणाशी तरी बोलणी झाली होती, असं वाटलं. मी कुशीवर वळले आणि झोपल्याचं सोंग केलं.

दर गुरुवारी संध्याकाळी सासूबाई पिराच्या नावाने ऊद घालायच्या. आता, चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात आमच्या ब्लॉकखाली लोक पूर्वजांसाठी पत्र्याच्या डब्यांत कागद जाळतात आणि तो धूर सगळ्या मजल्यांवर चढतो, तेव्हा कोणी काही म्हणत नाही. पण आपला धूर तो आपला धूर. शेजारी तक्रार करतील, घरमालकीण फोन करील, फ्लॅट सोडावा लागेल, अशा दिवसांत कुठे जायचं, इथपर्यंत मी एका मिनिटात पोचत असे. म्हणून एका गुरुवारी बेल वाजली तेव्हा मला घामच फुटला.

दारात खालच्या मजल्यावरची बाई होती. डोक्याला लाल फुलांचा रुमाल, हातात काहीच नाही. तिने इंग्रजीत विचारलं, की हा वास कसला? माझी आई घरी असाच धूर करते, मी इथे थोडा वेळ उभी राहिले तर चालेल का?

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण वासासाठी डोळे मिटून उभी राहिलेली बाई त्यांना कळली. त्यांनी तिला हाताला धरून आत आणलं आणि चहा टाकला.

ती इराणच्या ईशान्य टोकाची. तिथे तुर्कमान लोकांचं मोठं माळरान आहे, घोडे आणि गालिचे यांसाठी नावाजलेलं. घरी बोलायची तुर्कमान आणि शाळेत शिकली फारसी. इथल्या विद्यापीठात तिचं संशोधन चालू होतं. विषय असा, की तिच्या लोकांपैकी कोण कोण नोकरी शोधत हिंदुस्थानात गेले आणि तिथे त्यांनी काय केलं. मी उगाच विचारलं, "गेले होते का पुष्कळ?" आणि ती सुरू झाली. काळ्या मेंढ्यांच्या नावाने ओळखली जाणारी एक तुर्कमान टोळी होती. तिचं राज्य बुडालं तेव्हा तिच्यातला एक तरुण दख्खनला आला, बहमनींच्या चाकरीत चढत गेला, आणि शेवटी गोवळकोंड्याचं तख्त त्याच्याच घराण्याचं झालं. त्या घराण्याने पुढे तेलुगू कवींनाही गावं इनाम दिली. त्याच टोळीच्या आणखी एका माणसाने पोरसवदा मोगल बादशहाचं राज्य सांभाळून दिलं. त्याचा मुलगा मोठा सेनापती झाला आणि कित्येक वर्षं बुऱ्हाणपूरला राहिला. त्याच्या पदरी चितारी, भाषांतरकार, पुस्तकांची कोठारं, फारसी आणि हिंदवी दोन्हीकडचे कवी. जमिनीच्या पोटातून शहराला पाणी आणणारे बोगदेही त्याच्याच काळातले.

माझ्या शाळेच्या पुस्तकात ही सगळी मंडळी 'मोगल सरदार' या दोन शब्दांत उरकली होती. पलीकडे चहा गाळणाऱ्या सासूबाईंना मी त्यातलं 'बुऱ्हाणपूर' तेवढं सांगितलं.

"तिथे आमचा सराफ आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते पाण्याचे बोगदे बघितलेत मी. शाळेची सहल गेलेली."

हे मी इंग्रजीत सांगताच खालचीने कप खाली ठेवला. आपण ज्याच्यावर पाच वर्षं घासतोय ते या बाईंनी सहलीला जाऊन पाहिलंय, हे तिला सोसेना. तेव्हापासून ती दर गुरुवारी यायला लागली. सासूबाई तिला तुर्कीण म्हणायच्या, अगदी मायेने, आणि तीही त्या हाकेला ओ द्यायची. एकदा तिने हरमल नावाच्या झुडपाच्या बिया आणल्या, तव्यावर तडतडवल्या आणि तो धूर माझ्या पोटावरून फिरवला. "दृष्ट काढते की ही," सासूबाई खूश होऊन म्हणाल्या. दोघींमध्ये बोलणं पोचवणारी मीच. पडल्या पडल्या इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. तेवढा वेळ स्टेशनं आठवायची नाहीत.

फोटोकडे तिचं लक्ष तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी गेलं. फ्रिजमधून दूध काढताना ती थबकली, फ्रेम हातात घेतली आणि खिडकीशी गेली. ओठ हलत होते. मग माझ्या पलंगाशी येऊन हळूच म्हणाली, "इथे एक शब्द 'तुर्कमान' आहे."

तिला आणखी फोटो हवे होते. माझे दीर गावच्याच शाळेत मास्तर. त्यांना मी तिच्या सांगण्यावरून कळवलं, की दगड नुसत्या पाण्याने धुवा, खरवडू नका, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. फोटो आले. ती ते लॅपटॉपवर मोठे करून दोन दिवस बसली. त्याच दोन दिवसांत माझ्या सोनोग्राफीचे निकाल चांगले आले. बाळ वाढत होतं, टाका टिकून होता. नवरा त्या संध्याकाळी पहिल्यांदा शीळ घालत घरात आला. मला वाटलं, आता शीळ नको घालूस बाबा, कोणीतरी ऐकेल.

मग ती आली. सासूबाई पोळ्या करत होत्या. तिचे गाल लाल झाले होते. म्हणाली, "हा संत नाही. हा अमीन आहे. त्या परगण्यातल्या शेतांची मोजणी करून सारा ठरवणारा अधिकारी. बुऱ्हाणपूरच्या सुभेदाराने नेमलेला. माझ्यासाठी हे केवढं आहे तुला कल्पना नाही. मोठ्यांची नावं ग्रंथांत मिळतात, पण गावात उतरून काम करणारा असला माणूस कोणी लिहून ठेवत नाही."

माझ्या डोक्यात एकदम सगळं जागच्या जागी जाऊन बसलं. वेशीवर आला होता तो यम कसला, सारा वसूल करणारी घोडेस्वारांची तुकडी असणार. आणि पुढचं पीक निघू दे, मग या, असं त्यांना सांगणारा हाच, त्यांचाच माणूस. गाव तीनशे-चारशे वर्षं एका महसूल खात्याच्या साहेबाला उदबत्ती ओवाळत होतं.

"काय म्हणते तुर्कीण?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"म्हणते, दगड फार जुना आहे."

"ते तर आम्हीही सांगू."

नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं तर तो पोट धरून हसला. "म्हणजे आमच्या गावाने आयुष्यभर तहसीलदाराला नवस केले? सांग ना आईला, बघू काय म्हणते."

"काही सांगायचं नाही," मी म्हणाले. "खबरदार."

"पण तू तर हे काही मानत नाहीस ना?"

या प्रश्नाने मी आणखीच चिडले. मी मानत नव्हते. पण माझ्या बाजूने कोणीतरी मानतंय, एवढा एक टेकू होता, आणि ऐन वेळी तो कोणी काढून घेऊ नये असं वाटत होतं. सासूबाईंची श्रद्धा डळमळली तर मुदतही डळमळेल. हे असलं तर्कशास्त्र मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याची टर उडवली असती.

त्यापुढच्या गुरुवारी खालची आली. चहा घेतला, हरमल विसरून आली होती. मी विचारलं, छोट्या दगडावर काही सापडलं का? त्याचेही फोटो दिरांनी पाठवले होते.

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "तुझं होऊन जाऊ दे."

असं कोणी म्हटल्यावर मी सोडते होय? मी तिच्या मागेच लागले. आता नाही सांगितलंस तर माझा रक्तदाब वाढेल, म्हणाले. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. मग अगदी खालच्या आवाजात तिने सांगितलं. ते घोड्याचं पिल्लू नव्हतं. त्या अमिनाची मुलगी होती. वर्षाचीसुद्धा झाली नसावी, कारण तिचं नावही कोरलेलं नव्हतं, फक्त अमुकची लेक, एवढंच. मोठा दगड नंतरचा. म्हणजे तो तिथेच राहिला, आणि शेवटी तिच्या शेजारी पुरला गेला.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ज्याच्याकडे माझ्या बाळासाठी मुदत मागून ठेवली होती, त्याला स्वतःच्या पोरीसाठी ती मिळाली नव्हती. हे मी कोणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने समजूत घातली असती आणि मला समजूत नको होती. खालचीला मी बजावलं, की सासूबाईंसमोर हा विषयसुद्धा काढायचा नाही. ती म्हणाली, "तू म्हणशील तेव्हाच मी त्याच्यावर लिहीन. कबरी कुठे पळून जात नाहीत." मी मात्र फ्रिजकडे पाठ करून झोपायला लागले, डाव्या कुशीऐवजी उजव्या. सासूबाई येऊन मला पुन्हा डावीकडे वळवायच्या.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. आधी वाटलं, पाठ अवघडली. मग तसं वाटून घेणं शक्य राहिलं नाही. सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता खाली जाऊन तुर्किणीला घेऊन आल्या. तिने टॅक्सी बोलावली, माझी फाइल शोधली, सासूबाईंच्या पायात चपला आहेत का तेही पाहिलं. नवऱ्याला फोन लावला तेव्हा तो हेल्मेट घालून कुठल्यातरी पंपाच्या आवाजात होता. "निघालो," एवढं ऐकू आलं. आता ती सगळी स्टेशनं खरोखरची.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी भराभर सुया टोचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून हे इंजेक्शन, आणि कळा थांबाव्यात म्हणून हे सलाइन. इंजेक्शनचा गुण यायला दोनेक दिवस लागतात. तेवढं थोपवता आलं पाहिजे. मी विचारलं नाही, येईल ना? ते विचारायचं धैर्यच उरलं नव्हतं.

खालची बाहेर थांबली आणि सासूबाई माझ्या उशाशी. त्यांनी माझा हात धरला नव्हता. माझा गाउन, माझी ओढणी, सगळं घडी करत होत्या. एकदा घडी करून झालं की उलगडायच्या आणि पुन्हा करायच्या. त्यांचे ओठ हलत होते. ते पाहून मला राहवेना. का कोण जाणे, वाटलं, ही बाई चुकीच्या पत्त्यावर बोलतेय आणि आपण ऐकत पडलोय. वेळ निघून चाललाय.

"आई," मी म्हणाले, "तो पीर नाही. सरकारी माणूस होता, साऱ्याची वसुली बघणारा. तुर्किणीने वाचलंय. आणि शेजारी शिंगरू नाही. त्याची मुलगी आहे. तान्ही गेली."

घडी करणारे हात थांबले. मला तेव्हाच पश्चात्ताप झाला. मॉनिटरवर बाळाच्या ठोक्यांचा टपटप आवाज येत होता.

"केवढी होती?" त्यांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"माझी चार महिन्यांची होती."

मला कळेना त्या काय म्हणतायत. मग कळलं. माझ्या नवऱ्याच्या आधी. त्याने मला हे कधी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यालाही माहीत नसेल.

"जन्मली तेव्हाच निळी पडलेली," त्या म्हणाल्या. "रावेरचा डॉक्टर म्हणाला, आजचा दिवस जाणार नाही. मी ओल्या बाळंतिणीची उठले न् पिराकडे गेले. मुदत मागितली. चार महिने दिले त्याने. पालथी पडायला लागली होती. मला ओळखून हसायची. गेली तेव्हा सगळे म्हणाले, कशाचा पीर, न् कशाचं काय. माझी सासूसुद्धा. मी म्हटलं, मी पोरगी नव्हती मागितली. मुदत मागितलेली. ती दिली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याच होतं.

"आणि या वेळी किती मागितलीत?" मी विचारलं.

"आकडा सांगायचा नसतो. तो देईल तेवढी घ्यायची." त्या पुन्हा ओढणीकडे वळल्या. मग जरा वेळाने, जणू स्वतःशीच, "साहेब होता म्हणतेस? तरीच. देवाला कशाला कळणार मुदत म्हणजे काय."

नवरा पोचला तेव्हा त्याच्या बुटांना तुआसची माती तशीच होती. त्याने दोघींकडे पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "काही नाही. बायकांचं बोलणं."

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मी एकेक तास दाताखाली धरून काढत होते. कळा येत, ओसरत, पुन्हा येत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी चष्मा न पुसता सांगितलं की इंजेक्शनचं काम झालेलं असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी कळा सलाइनला ऐकेनाशा झाल्या, आणि दुपारपर्यंत मुलगी झाली. रडली. अगदी बारीक, पण रडली. मला तिचा एक कान दिसला आणि तिला घेऊन गेले.

मला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे नेलं तेव्हा सासूबाईंनाही आत सोडलं. काचेच्या पेटीत ती होती, नाकात नळी, टोपी तिच्या डोक्याला मोठी होणारी. छाती वरखाली होत होती, मध्येच थबकत होती. थबकली की माझीही थबकत होती. नर्स म्हणाली, पहिले काही दिवस जरा काळजीचे असतात. आजचं आज, उद्याचं उद्या, असंच सगळे बोलत होते. कोणाच्याही तोंडून पुढच्या वर्षाचं नाव निघत नव्हतं. आणि माझ्या शेजारी उभी असलेली बाई चार महिन्यांवर समाधान मानलेली होती, ते सांगताना तिचा आवाजही कापला नव्हता. मला ते सहन होईना. मला चार महिने नको होते. मला कोणी देईल तेवढं नको होतं.

मी पेटीच्या काचेवर हात ठेवला आणि मोठ्याने, मराठीत, त्या कुठल्या कोण अमिनाला उद्देशून म्हणाले, "ऐंशी वर्षं पाहिजेत. ऐंशीच्या खाली मी ऐकून घेणार नाही."

नर्सने मान वर करून पाहिलं. सासूबाई दचकल्या. "अगं, आकडा..." म्हणत त्यांनी माझ्या तोंडाकडे हात नेला, आणि तो मध्येच थांबला. त्यांनी पेटीत पाहिलं. पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता सांगितलाच आहेस तर शंभर सांग. साहेब लोक थोडं कापतातच."